इंग्रजी शब्दाची घडण : उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी शब्दाचे अवयव पाडून दाखविण्याची पद्धत आपल्या अध्यापनात फार दिवसांपासून रूढ आहे. शालेय व्याकरणात उपसर्गांच्या आणि प्रत्ययांच्या याद्या असतात. पुढे शब्दसंग्रह वाढविण्याच्या हेतूने विद्यार्थी लॅटिन व ग्रीक मुळांची कोष्टके पाठ करतो. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, ‘स्क्राइब’ म्हणजे लिहिणे. एवढे ध्यानात ठेवले की ‘इम्पोर्ट’, ‘इन्स्पेक्ट’, ‘इन्स्क्राइब’ हे शब्द आपोआप उलगडतात, अशी या पद्धतीमागील समजूत आहे. संस्कृत व्याकरणाचा थोडाफार संस्कार झालेल्या वाचकाला ही समजूत पटण्यास वेळ लागत नाही. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार कसे होतात हे त्याने लहानपणीच ऐकलेले असते. तेव्हा ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’ आणि ‘परसीव्ह’ ही चौकडी त्याला त्याच जातीची वाटते.

ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तिच्यात एक महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. शब्दाचा अमुक एक तुकडा हा त्या शब्दाचा खरोखरीचा घटक आहे, हे आपण कशावरून ठरवितो? कोष्टककाराचे उत्तर ‘अर्थावरून’ असे असते. व्युत्पत्तिकोशाचे उत्तर ‘इतिहासावरून’ असे असते. ही दोन्ही उत्तरे इंग्रजीच्या बाबतीत अपुरी पडतात, आणि पुष्कळदा दिशाभूलही करतात, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घटक ओळखावयाचा तो प्रामुख्याने त्याच्या वर्तनावरून. म्हणजे तो पुनःपुन्हा कोणत्या रूपात येतो, शेजारच्या घटकाला काय करतो, आणि त्याच्या साहाय्याने आजचा भाषक नवा शब्द घडवू शकतो की नाही, यांवरून. हे सूत्र स्वीकारले म्हणजे उपसर्ग, मूळ व प्रत्यय या तिहींचे स्थान कसे बदलते, ते क्रमाने पाहू.

इंग्रजी शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. वाचकाने त्यांच्या वर्णलेखनापेक्षा उच्चाराकडे अधिक लक्ष द्यावे, एवढीच विनंती.

२. घटक आणि त्यांची रचना

शब्दाच्या ज्या लहानात लहान सार्थ घटकाची पुढे फोड होऊ शकत नाही त्याला मॉर्फीम म्हणतात. मराठीत त्याला रूपिका ही संज्ञा वापरतात. मॉर्फीम हा शब्द बोद्वँ द कुर्तने या भाषाशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास प्रचारात आणला. काही रूपिका स्वतंत्र शब्द म्हणून वावरू शकतात, उदाहरणार्थ ‘काइंड’, ‘लॉक’, ‘रीड’. काही रूपिका बद्ध असतात. त्यांना दुसऱ्याचा आधार लागतो. उपसर्ग आणि प्रत्यय हे नेहमीच बद्ध. मूळ मात्र इंग्रजीत दोन्ही प्रकारचे आढळते. ‘अनकाइंड’मधील मूळ स्वतंत्र आहे, ‘रिसीव्ह’मधील ‘सीव्ह’ बद्ध आहे. पुढील सर्व अडचणी या बद्ध मुळाशी निगडित आहेत, हे येथेच सांगून ठेवणे इष्ट होय.

प्रत्ययांचे दोन वर्ग होतात. ‘बुक’चे ‘बुक्स’ करणारा किंवा ‘वॉक’चे ‘वॉक्ट’ असे भूतकाळाचे रूप सिद्ध करणारा प्रत्यय रूपसाधक होय. तो नवा शब्द निर्माण करीत नाही. इंग्रजीत असे प्रत्यय फार थोडे, साधारणपणे आठ मानले जातात, आणि ते शब्दाच्या अगदी शेवटी येतात. शब्दसाधक प्रत्यय मात्र नवा शब्द घडवितो आणि बहुधा शब्दाची जातही ठरवितो. ‘काइंड’ हे विशेषण, ‘काइंडनेस’ हे नाम. ‘रीड’ हे क्रियापद, ‘रीडेबल’ हे विशेषण. याच्या उलट उपसर्ग सामान्यतः अर्थ पालटतो, जात पालटत नाही. ‘काइंड’प्रमाणे ‘अनकाइंड’ही विशेषणच. शब्दाची जात त्याच्या उजवीकडील घटक ठरवितो, हा नियम एडविन विल्यम्स यांनी १९८१ मध्ये स्पष्टपणे मांडला. त्याला अपवाद आहेत. ‘रिच’पासून ‘एन्‍रिच’ आणि ‘फ्रेंड’पासून ‘बीफ्रेंड’ या शब्दांत उपसर्गानेच क्रियापद घडविले आहे. तरी सर्वसाधारण कल नियमासारखाच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शब्द म्हणजे एका ओळीत ठेवलेल्या मण्यांची माळ नव्हे. घटक टप्प्याटप्प्याने जोडले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर एक पुरा शब्द उभा असतो. ‘डीनॅशनलायझेशन’ हा लांबलचक शब्द घ्यावा. ‘नेशन’पासून ‘नॅशनल’, त्यापासून ‘नॅशनलाइझ’, त्यापासून ‘डीनॅशनलाइझ’ आणि शेवटी ‘डीनॅशनलायझेशन’ असा हा क्रम लागतो. ‘डी’ हा उपसर्ग या अर्थी क्रियापदाला लागतो. म्हणून क्रियापद सिद्ध होईपर्यंत त्याला थांबावे लागते, जरी लिहिताना तो सर्वांच्या आधी येत असला तरी.

टप्पे भिन्न असले तर अर्थही भिन्न होतो. ‘अनलॉकेबल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘अनलॉक’ हे क्रियापद आधी सिद्ध करून त्याला ‘एबल’ जोडला तर ‘ज्याचे कुलूप उघडता येते ते’ असा अर्थ होतो. ‘लॉकेबल’ हे विशेषण आधी सिद्ध करून त्यामागे ‘अन’ लावला तर ‘ज्याला कुलूप लावता येत नाही ते’ असा अर्थ होतो. घटक तेच, त्यांचा क्रम तोच. भेद आहे तो केवळ रचनेत. शिवाय येथे एक गमतीची गोष्ट आहे. क्रियापदाला लागून क्रिया उलटविणारा ‘अन’ आणि विशेषणाला लागून निषेध करणारा ‘अन’ हे मुळात दोन वेगळे उपसर्ग होते. काळाच्या ओघात त्यांचा उच्चार एक झाला. म्हणजे केवळ ध्वनिसाम्यावरूनही घटक ओळखता येत नाही.

३. इंग्रजी शब्दसृष्टीचे दोन थर

इंग्रजी ही जर्मानिक कुळातील भाषा आहे. परंतु १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आणि पुढे विद्याव्यवहारामुळे प्रत्यक्ष लॅटिन व ग्रीकमधून तिच्यात शब्दांचा मोठा ओघ आला. हे शब्द आपले उपसर्ग आणि प्रत्यय घेऊन आले. त्यामुळे आजच्या इंग्रजीत घडणीच्या दोन यंत्रणा शेजारी शेजारी चालत आहेत. ‘अन’, ‘मिस’, ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’, ‘हूड’, ‘डम’, ‘शिप’ हे देशी घटक. ‘इन’, ‘री’, ‘डिस’, ‘इटी’, ‘शन’, ‘इव्ह’, ‘अल’, ‘एबल’ हे आगंतुक घटक.

हा भेद केवळ वंशावळीचा असता तर त्याचा येथे विचार करण्याचे कारण नव्हते. तो वर्तनाचा भेद आहे. निषेधवाचक ‘अन’ आणि निषेधवाचक ‘इन’ यांची तुलना करावी. हे दोन्ही उपसर्ग, ग्रीक ‘अन’ किंवा ‘अ’, आणि आपल्या संस्कृतातील ‘अन्’ किंवा ‘अ’ ही एकाच इंडोयुरोपीय मूळरूपाची अपत्ये होत. ‘अनहॅपी’, ‘इनॅक्टिव्ह’ आणि ‘अ‍ॅनार्की’ या तीन इंग्रजी शब्दांत ही तीन भावंडे अनुक्रमे जर्मानिक, लॅटिन व ग्रीक वाटांनी येऊन एकत्र नांदत आहेत. परंतु त्यांचा स्वभाव सारखा राहिलेला नाही. ‘इन’ पुढच्या व्यंजनाशी संधी करतो : ‘पॉसिबल’चे ‘इम्पॉसिबल’, ‘लीगल’चे ‘इल्लीगल’, ‘रेग्युलर’चे ‘इर्रेग्युलर’. ‘अन’ असे काही करीत नाही : ‘अनपॉप्युलर’, ‘अनलॉफुल’, ‘अनरिअल’ येथे तो लेखनात जसाच्या तसा राहतो. ‘इन’ लागला की मुळाचा आघात, स्वर आणि अर्थ यांतही फेर पडू शकतो. ‘फेमस’पासून झालेला ‘इन्फमस’ हा शब्द याची साक्ष देतो. त्यातील स्वर बदलला, आघात मागे सरकला, आणि अर्थ ‘अप्रसिद्ध’ न राहता ‘कुप्रसिद्ध’ झाला.

प्रत्ययांत हाच भेद ‘इटी’ आणि ‘नेस’ यांच्यात दिसतो. ‘क्युरिअस’चे ‘क्युरिऑसिटी’ होताना आघात पुढे सरकतो. ‘सेन’चे ‘सॅनिटी’, ‘डिव्हाइन’चे ‘डिव्हिनिटी’ होताना स्वर बदलतो. ‘क्युरिअसनेस’ म्हणताना मात्र मूळ शब्दाला धक्काही लागत नाही. हा भेद मराठी वाचकाला परका वाटू नये. ‘उदार’पासून ‘औदार्य’ आणि ‘उदारपणा’, ‘धीर’पासून ‘धैर्य’ आणि ‘धीरपणा’ असे जोड आपल्याकडेही आहेत. ‘य’ हा तत्सम प्रत्यय शब्दाच्या आत शिरून आद्य स्वराची वृद्धी करतो. ‘पणा’ हा देशी प्रत्यय बाहेरून चिकटतो. आणखी साम्य असे की, ‘पणा’ तत्सम व देशी दोन्ही शब्दांना लागतो, परंतु ‘भोळा’पासून ‘भौळ्य’ करण्याचे धाडस कोणी करीत नाही. इंग्रजीतही ‘नेस’ कोठेही चालतो. ‘इटी’ला मात्र आगंतुक शब्दच बहुधा मानवतात. ‘ऑडिटी’सारखा अपवाद विरळा.

या निरीक्षणांवरून डॉरोथी सीगल यांनी १९७४ मध्ये आणि पॉल किपार्स्की यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की, इंग्रजी उपसर्ग-प्रत्यय दोन पातळ्यांवर लागतात : मुळाला बदलणारे आतल्या पातळीवर, न बदलणारे बाहेरच्या पातळीवर. म्हणून ‘अ‍ॅट्रॅक्टिव्हनेस’ संभवतो, पण ‘होपफुलिटी’ संभवत नाही. हा सिद्धान्त आकर्षक आहे, तथापि तो निरपवाद नाही. ‘रीडेबल’पासून ‘रीडॅबिलिटी’ बिनदिक्कत होते. ‘गव्हर्न्‍मेंट’पासून ‘गव्हर्न्‍मेंटल’ होते. आणि ‘अनग्रमॅटिकॅलिटी’ या शब्दात अर्थाच्या दृष्टीने आत असलेला ‘अन’ पातळीच्या दृष्टीने बाहेर असावा लागतो. तेव्हा दोन पातळ्यांऐवजी दोन प्रवृत्ती म्हणणे अधिक सुरक्षित होय.

४. बद्ध मुळाचा पेच

आता ‘रिसीव्ह’ वर्गाकडे वळू. लॅटिनमध्ये या शब्दांचे मूळ ‘घेणे’ या अर्थाच्या धातूत आहे. परंतु इंग्रजी बोलणाऱ्याच्या दृष्टीने ‘सीव्ह’चा अर्थ काय? स्वीकारणे, फसविणे, कल्पना करणे आणि जाणणे या चार क्रियांत समान असे काय उरते? प्रामाणिक उत्तर असे की, काहीही उरत नाही. ‘री’चा ‘पुनः’ हा अर्थही ‘रिसीव्ह’मध्ये लागू पडत नाही. मग रूपिकेच्या व्याख्येनुसार ‘सीव्ह’ ही रूपिकाच नव्हे असे म्हणावे लागेल. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात या चौकडीचा आणि ‘रिटेन’, ‘डिटेन’, ‘कंटेन’ या तिच्या शेजारणींचा विचार केला आहे, तो याच पेचामुळे. त्याच ग्रंथात ‘क्रॅनबेरी’चे उदाहरण आहे. तेथे ‘बेरी’ स्पष्ट आहे. पण ‘क्रॅन’ अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्याचे अस्तित्व केवळ ‘बेरी’ वजा केल्यावर जे उरते तेवढेच.

या पेचातून वाट दाखविली ती मार्क अ‍ॅरोनॉफ यांच्या १९७६ च्या ग्रंथाने. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. ‘परमिट’, ‘अ‍ॅडमिट’, ‘सबमिट’, ‘कमिट’, ‘ओमिट’, ‘ट्रान्समिट’ या शब्दांतील ‘मिट’ला इंग्रजीत सर्वत्र लागू पडेल असा एकही अर्थ सांगता येत नाही. परंतु त्यांना ‘शन’ हा प्रत्यय लागताच सर्वांत एकच बदल होतो : ‘परमिशन’, ‘अ‍ॅडमिशन’, ‘सबमिशन’, ‘कमिशन’, ‘ओमिशन’, ‘ट्रान्समिशन’. आता ज्या शब्दाच्या शेवटी ‘मिट’ हे ध्वनी केवळ योगायोगाने आले आहेत, असा शब्द घ्यावा. ‘लिमिट’चे ‘लिमिशन’ होत नाही; ‘लिमिटेशन’ होते. कान दोन्ही ठिकाणी ‘मिट’च ऐकतो, परंतु भाषा एकाला घटक मानते, दुसऱ्याला मानीत नाही. म्हणजे ‘परमिट’मधील ‘मिट’ हा अर्थशून्य असूनही खरा घटक आहे, आणि त्याचा पुरावा त्याच्या वर्तनात आहे.

याच न्यायाने ‘सीव्ह’ हाही खरा घटक ठरतो. ‘रिसेप्शन’, ‘डिसेप्शन’, ‘कन्सेप्शन’, ‘परसेप्शन’ असा त्याचा बदल नियमित आहे. ‘रिटेन’ व ‘डिटेन’ यांचे ‘रिटेन्शन’ व ‘डिटेन्शन’ होते, पण त्याच ध्वनींनी संपणाऱ्या ‘स्टेन’ या शब्दाचा या कुळाशी काही संबंध नाही. ‘प्रोड्यूस’चे ‘प्रॉडक्शन’ आणि ‘डिस्क्राइब’चे ‘डिस्क्रिप्शन’ ही याच पद्धतीची रूपे. इतिहास पाहिला तर हे सर्व बदल लॅटिन धातूंच्या कर्मणि भूतकालवाचक धातुसाधितांचे अवशेष आहेत. इंग्रजी भाषकाला तो इतिहास ठाऊक नसतो. त्याला फक्त नियमितता ठाऊक असते, आणि तेवढी त्याला पुरते.

हा प्रकार केवळ आगंतुक शब्दांत घडतो असेही नाही. ‘अंडरस्टँड’ म्हणजे समजणे. ‘खाली’ आणि ‘उभे राहणे’ यांच्या बेरजेतून हा अर्थ आज कोणालाही काढता यावयाचा नाही. ‘विदस्टँड’ म्हणजे टिकाव धरणे. तथापि ‘स्टँड’चे भूतकाळात ‘स्टुड’ होते म्हणून ‘अंडरस्टुड’ आणि ‘विदस्टुड’ होते. अर्थ गेला तरी मुळाने आपली चाल सोडली नाही. याच्या उलट ‘वेलकम’ हे क्रियापद पाहावे. ‘बिकम’चे ‘बिकेम’ आणि ‘ओव्हरकम’चे ‘ओव्हरकेम’ होते, परंतु ‘वेलकम’चे ‘वेलकेम’ होत नाही, ‘वेलकम्ड’ होते. येणाऱ्याशी स्वागताचा अर्थसंबंध इतका उघड असताना भाषेने मात्र येथील ‘कम’ला क्रियापदाचे मूळ म्हणून मान्यता दिलेली नाही. ही दोन उदाहरणे समोरासमोर ठेवली असता आमचा मुद्दा पुरेसा स्पष्ट व्हावा. ‘अंडरस्टँड’मध्ये अर्थ नाही पण मूळ आहे, ‘वेलकम’मध्ये अर्थाचा भास आहे पण मूळ नाही.

संस्कृतातील ‘हृ’ची आठवण येथे पुन्हा होते. प्रहार आणि आहार यांच्यात अर्थैक्य शोधण्याचा आपण कितीही प्रयत्न केला तरी वैयाकरणाची खरी भिस्त ‘हरति’, ‘हृत’, ‘हार’ या रूपमालिकेच्या एकसारखेपणावर असते. तेव्हा इंग्रजी व संस्कृत यांच्यात साम्य आहे. पण ते कोष्टककार समजतो त्या ठिकाणी, म्हणजे अर्थात, नसून रूपाच्या शिस्तीत आहे.

५. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे

अर्थाचा आधार सुटला म्हणून इतिहासाचा आधार घ्यावा, तर तोही सर्वत्र टिकत नाही. ‘ऑक्सिजन’ हा शब्द लाव्वाझ्ये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाच्या ग्रीक घटकांपासून बनविला. सर्व आम्लांत हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. जर्मन भाषेने तर त्याचे शब्दशः रूपांतर करून ‘झाउअरश्टॉफ’, म्हणजे आम्लद्रव्य, असा शब्द घेतला. परंतु क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे हंफ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये प्रतिपादन केले आणि आज हायड्रोक्लोरिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही हे ठरले. उपपत्ती खोटी ठरली; शब्द मात्र राहिला, आणि त्याचा अर्थही बिघडला नाही. कारण तो अर्थ घटकांच्या बेरजेत नव्हताच, संपूर्ण शब्दात होता.

यास्काने निरुक्तात गार्ग्याचा जो आक्षेप नोंदविला आहे, त्याचे मर्म हेच आहे. सर्व नामे धातूंपासून झाली, असे शाकटायनाचे मत. त्यावर आक्षेप असा की, मार्ग व्यापतो म्हणून घोड्याला ‘अश्व’ म्हणावयाचे, तर मार्ग व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावे लागेल. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. त्याचा व्यवहार सांगत नाही. यास्काने स्वतः हा आक्षेप मान्य केला नाही, तरी आजच्या इंग्रजीच्या अभ्यासकाने तो विसरू नये.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. ‘इन्फ्लॅमेबल’ या शब्दातील ‘इन’ निषेधवाचक नाही. तो लॅटिनमधील ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग आहे, आणि शब्दाचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असा आहे. परंतु ‘इन’ म्हणजे ‘न’ असे शिकलेला वाचक त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा नेमका उलटा करू शकतो. ज्वालाग्राही पदार्थाच्या पिंपावर तो शब्द लिहिलेला असेल तर या चुकीची किंमत काय होईल, हे सांगावयास नको. म्हणूनच विसाव्या शतकात अमेरिकेत अग्निसुरक्षेच्या क्षेत्रातील मंडळींनी त्याऐवजी ‘फ्लॅमेबल’ हा शब्द आग्रहाने पुढे केला, आणि निषेधासाठी ‘नॉनफ्लॅमेबल’ वापरण्याची प्रथा पडली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने जुना शब्द निर्दोष होता. दोष होता तो एकाच रूपाच्या दोन उपसर्गांत, आणि त्यांपैकी एकच आज जिवंत असल्याच्या वस्तुस्थितीत.

६. जिवंत घटक आणि मृत घटक

घटकाची जिवंतता हा शेवटचा मुद्दा. ‘वॉर्म्थ’, ‘विड्थ’, ‘डेप्थ’, ‘ग्रोथ’ या शब्दांतील ‘थ’ प्रत्यय सहज ओळखता येतो. परंतु त्याच्या साहाय्याने आज गंभीरपणे नवा शब्द घडविता येत नाही. ‘कूल्थ’ कोणी म्हटलेच तर ते विनोदाने. ‘नेस’ मात्र कालपरवा आलेल्या विशेषणालाही लागतो. पहिला प्रत्यय ओळखीचा पण मृत, दुसरा जिवंत. ‘एबल’ हा लॅटिन प्रत्यय तर इतका जिवंत झाला की, ‘ईट’, ‘ड्रिंक’, ‘रीड’ या अस्सल देशी क्रियापदांना त्याने आपलेसे केले. आणि ‘गूगल’ हे क्रियापद रूढ होताच त्यापासून ‘गूगलेबल’ आणि ‘अनगूगलेबल’ हे शब्द ऐकू येऊ लागले. ‘सीव्ह’च्या बाबतीत असे घडत नाही. ‘सब’ हा उपसर्ग आणि ‘सीव्ह’ हे मूळ दोन्ही उपलब्ध असूनही ‘सबसीव्ह’ असा शब्द सर्वसामान्य इंग्रजीत रूढ नाही. कारण त्याचा अर्थ काय व्हावा हे ठरविणारे काहीच हाती नाही. नवे शब्द घडतात ते अर्थशून्य तुकड्यांतून नव्हे, तर पुऱ्या शब्दांतून, हा अ‍ॅरोनॉफ यांचा निष्कर्ष येथे पटतो.

जिवंत प्रत्ययालाही मर्यादा असतात. ‘क्युरिअस’पासून ‘क्युरिऑसिटी’ होते, मग ‘ग्लोरिअस’पासून ‘ग्लोरिऑसिटी’ का होऊ नये? कारण ‘ग्लोरी’ हे नाम त्या जागेवर आधीच बसलेले आहे. रूढ शब्द नव्या शब्दाची वाट अडवितो. कोशातील शब्द आणि घडणीचे नियम हे असे परस्परांवर नजर ठेवून असतात.

घटकांचा जन्म आणि मृत्यू इतिहासात प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. आजचा ‘डम’ हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत ‘निवाडा’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, ‘हूड’ हा ‘स्थिती’ या अर्थाचा, आणि ‘ली’ हा ‘देह, आकार’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे. उलट दिशेने, भाषक जेव्हा एखाद्या शब्दाची इतिहासाला न जुमानता फोड करतो, तेव्हा नवे घटक जन्माला येतात. ‘हॅम्बर्गर’ हा शब्द हाम्बुर्ग या नगरनामाला ‘अर’ प्रत्यय लागून झाला. लोकांनी तो ‘हॅम’ आणि ‘बर्गर’ असा तोडला, आणि ‘चीजबर्गर’ सिद्ध झाला. ‘हेलिकॉप्टर’मधील ग्रीक घटक ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असे आहेत; इंग्रजी भाषकाने ‘हेलि’ वेगळा काढून ‘हेलिपोर्ट’ बनविला. १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणानंतर एका इमारतीच्या नावाची शेपटी लफडे सुचविणारा प्रत्यय होऊन बसली. ‘एडिटर’वरून ‘एडिट’, ‘बर्ग्लर’वरून ‘बर्गल’ आणि ‘टेलिव्हिजन’वरून ‘टेलिव्हाइज’ ही क्रियापदे तर नसलेला मूळ शब्द गृहीत धरून मागाहून काढलेली आहेत.

व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने या फोडी चुकीच्या ठरतील. परंतु भाषेने त्यांवर नवे शब्द उभारले, आणि म्हणून त्या खऱ्या झाल्या. जाणीवपूर्वक केलेल्या घडणीतही हेच दिसते. विल्यम व्हेवेल यांनी सुचविलेला ‘सायंटिस्ट’ हा शब्द १८३४ मध्ये छापील रूपात आला, तो ‘आर्टिस्ट’ या रूढ शब्दाच्या धर्तीवर. नमुना शब्दाचा होता. सुट्या तुकड्यांचा नव्हता.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय या तिघांना एकच मापदंड लावता येत नाही, हे ध्यानात येईल. बद्ध मूळ ओळखावयाचे ते त्याच्या रूपाच्या शिस्तीवरून. त्याच्याकडून अर्थाची अपेक्षा धरू नये. जिवंत उपसर्ग-प्रत्यय ओळखावयाचे ते त्यांच्या निर्मितिक्षमतेवरून. तेथे मात्र अर्थ अनिवार्य आहे, कारण अर्थाखेरीज निर्मिती नाही. इतिहास या दोहोंचे कारण सांगतो, परंतु त्यांचा निर्णय करीत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून तीन प्रश्नांची एक साधी कसोटी निघते. शब्दाची फोड केल्यावर विद्यार्थ्याने विचारावे : हा तुकडा आणखी कोणत्या शब्दांत येतो? तेथे तो सारख्याच रीतीने बदलतो काय? आणि आजचा भाषक त्यापासून नवा शब्द करील काय? तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला तर घटक पूर्णपणे जिवंत आहे. पहिल्या दोहोंना मिळाला तर तो ‘मिट’ आणि ‘सीव्ह’ यांच्या वर्गातला. फक्त पहिल्याला मिळाला तर सावध राहावे. तेथे ‘लिमिट’सारखा नुसता ध्वनींचा योगायोग असण्याचा संभव आहे.

मुळांची कोष्टके टाकून द्यावीत असे येथे सुचवावयाचे नाही. ‘परमिट’ पाहून ‘परमिशन’ ओळखावयास आणि त्यांच्या भावंडांचे कुळ एकत्र लावावयास ती उपयोगी आहेत. मात्र अपरिचित शब्दाचा अर्थ केवळ त्यांच्या आधारे काढू नये. तो वाक्यात आणि कोशात शोधावा. ज्याने हे पथ्य पाळले नाही, त्याला ‘इन्फ्लॅमेबल’ असे लिहिलेले पिंप निर्धोक वाटण्याचा संभव आहे.